चुलीपासून चोपडीपर्यंत

2011 सालच्या जनगणनेच्या वेळची गोष्ट आहे. आमच्या गल्लीत एक वयस्कर बाई राहत असत. त्यांच्याकडे मी विरजण मागण्यास गेले होते, आणि त्याच वेळी जनगणनेचे गुरुजी दारात आले. घरातील माणसांची नावे, वये, शिक्षण लिहून झाल्यावर त्यांनी बाईंना विचारले, "आपण काय काम करता?" बाई म्हणाल्या, "मी कुठे काय करते? मी घरीच असते." गुरुजींनी तसे लिहून घेतले व ते पुढच्या घरी गेले.

त्या वेळी बाईंच्या ओट्यावर अकरा डबे ओळीने मांडलेले होते. शिक्षणासाठी खेड्यावरून शहरात येऊन राहिलेल्या मुलांचे ते डबे. यजमान गेल्यापासून बाई दोन्ही वेळचे डबे करीत आल्या होत्या; त्यावरच दोन मुलींची लग्ने झाली होती. तरीही "घरीच असते" हे त्या अगदी सहज बोलल्या, आणि खरे सांगायचे तर मलाही त्यात त्या वेळी काही वावगे वाटले नाही. विरजण घेऊन मी घरी आले.

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे भगिनींनी सुचविले, तेव्हा ते अकरा डबे डोळ्यांपुढे उभे राहिले. आपल्या मंडळातील कित्येक जणी पापड, कुरडया, लोणची, मसाले, दिवाळीचा फराळ करून विकतात. काही जणी डबे देतात. हा उद्योग आपल्याकडे आला कोठून, कोणकोणत्या वळणांनी आला, आणि एवढे कष्ट करूनही बाई "काही करीत नाही" असे का म्हणते, याचा थोडा मागोवा घ्यावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आखाजीपूर्वीचे दिवस

खानदेशातील बाईला वाळवणाचे महत्त्व सांगावयास नको. होळी झाली, ऊन तापू लागले, की आखाजीपर्यंतचे दिवस पापड, कुरडया, शेवया आणि बिबड्या यांचे. आखाजीला लेकी माहेरी येणार, त्यापूर्वी डबे भरून ठेवले पाहिजेत, असा प्रत्येक घरचा हिशेब. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून त्यांचा चीक काढायचा आणि मोठ्या पातेल्यात दोघींनी मिळून तो हाटायचा. शिजलेला चीक सोऱ्यात भरून खाटेवर अंथरलेल्या धुवट कापडावर कुरडया घालायच्या. ज्वारीच्या बिबड्यांनाही असेच भिजवणे, भरडणे, शिजवणे आणि थापणे असते. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, असे करीत सगळी गल्ली एकमेकींच्या अंगणात राबत असे. मुलांचे काम कावळे हाकण्याचे. त्याचे वेतन म्हणजे वाटीभर गरम चीक.

या कामाला शास्त्र आहे. पदार्थातील पाणी उन्हाने काढून घेतले, मीठ व खार नीट घातला, म्हणजे बुरशी धरत नाही आणि पदार्थ वर्षभर टिकतो. पावसाळ्यात भाजी महाग होते, वाटा बंद होतात; त्या दिवसांची ही तरतूद. म्हणजे वर्षाला किती माणसे जेवणार, पाहुणे किती येणार, धान्य किती लागेल, याचा अंदाज बांधणारी बाई हीच घरची नियोजनकार होती. पण या अंदाजाची कोणी चोपडी ठेवली नाही. सारे तिच्या डोक्यात.

आणि हे सर्व घरासाठीच होते, विकण्यासाठी नव्हते. अन्न वाढावे, विकू नये, अशी आपल्या जुन्या समाजाची समजूत. अन्न विकून पोट भरण्याची वेळ जिच्यावर येई ती बहुधा विधवा, नाहीतर टाकलेली, नाहीतर जिच्या नवऱ्याचे काम सुटले ती. त्यामुळे या धंद्याला सुरुवातीपासूनच एक संकोच चिकटलेला आहे. शिवणकाम शिकलेली बाई ते सांगते. डबे करणारी बाई मात्र आवाज खाली आणते. माझ्या मते "घरीच असते" या उत्तराचे एक मूळ या संकोचात आहे.

गिरणगावातील खानावळी

हा संकोच बाजूला सारून हजारो बायकांना अन्न विकावे लागले ते मुंबईत. 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. त्यामागून गिरण्यांची रांगच लागली. परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. कोकणातून व घाटावरून पुरुष मोठ्या संख्येने गिरण्यांत कामाला आले. बायकामुले गावी, आणि हे चाळीच्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. त्यांच्या जेवणाचे काय?

ते जेवण त्याच चाळींतील बायका करू लागल्या. कोणाचा नवरा गिरणीत होता, कोणाचा वारला होता. एक चूल, एक खोली, आणि दोन्ही वेळ दहा-वीस माणसांचे जेवण. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे पहाटे उठून भाकरी थापायच्या, कालवण करायचे, आणि रात्रीची पाळी सुटून येणाऱ्यासाठी पुन्हा चूल पेटवायची. महिन्याच्या पगाराला पैसे मिळायचे; पण वाण्याचा माल महिनाभर आधी लागायचा. म्हणून उधारी, आणि उधारीसाठी सावकार. बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही. तारण म्हणून दागिना किंवा भांडी. व्याज फेडण्यातच नफा संपायचा. एवढ्या माणसांना जेवू घालणारी बाई स्वतः मात्र कर्जात असायची.

येथे एक गोष्ट मनाला लागते. मुंबईच्या डबेवाल्यांचा इतिहास सांगताना 1890 साल आणि महादू हावजी बच्चे हे नाव आवर्जून सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु डबा वाहून नेणाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक, आणि डबा भरणारीचे मात्र ठाऊक नाही. खानावळवालीला नाव नव्हते. "अमक्या चाळीतली बाई" एवढीच तिची ओळख.

पुस्तकात आलेला स्वयंपाक

त्याच काळात शिकलेल्या घरांत निराळी चळवळ चालू होती. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले. बाईने काही शिकावे, आपल्या पायांवर उभे राहावे, हा त्याचा हेतू. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. 1916 साली महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, त्यात गृहजीवनशास्त्राला अभ्यासाचे स्थान मिळाले. स्वयंपाक ही नुसती सवय नसून ती विद्या आहे, ती लिहिता येते, शिकविता येते, हे त्यायोगे मान्य झाले.

पुढे 1970 साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि ते घराघरांत गेले. त्याचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे वाटी-चमच्याचे माप. आपल्या आज्या "अंदाजाने घाल" म्हणत. अंदाज घरापुरता ठीक आहे. पण विकावयाचा पदार्थ आज खारट, उद्या अळणी झाला तर गिऱ्हाईक परत येत नाही. मापाने चव पुन्हा पुन्हा तशीच आणता येते, आणि एकीची चव दहा जणींना शिकविता येते. म्हणून घरगुती पदार्थांच्या धंद्यात पहिली पायरी मापाची. दुसरी पायरी मात्र हिशेबाची. ती गिरगावातल्या एका गच्चीवर कशी चढली गेली ते पाहू.

गच्चीवरचे चार पुडे

15 मार्च 1959 या दिवशी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटण्यास बसल्या. त्यांत जसवंतीबेन जमनादास पोपट या होत्या. भांडवल 80 रुपये, आणि तेही उसने. ते दिले भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा यांनी. पहिल्या दिवशी चार पुडे पापड झाले. ते भुलेश्वर येथील ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकावयास दिले.

आरंभी स्वस्तात विकता यावा म्हणून थोडा हलका मालही करावा असा विचार होता. छगनबाप्पांनी तो मोडून काढला. पापड एकाच प्रतीचा करा, प्रत कधी उतरू देऊ नका, आणि धंदा म्हणून चालवावयाचा असेल तर हिशेब चोख ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेनात. आपल्यापैकी कोणीही असती तर म्हणाली असती, "पावसाळ्यात कोठे पापड होतात?" त्या भगिनींनी पुढच्या वर्षी खाट व स्टोव्ह आणला, खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटविला. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपयांची झाली. मोडके पापड शेजाऱ्यांना वाटले.

1962 साली या पापडाला 'लिज्जत' हे नाव मिळाले आणि संस्थेला 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' असे म्हणू लागले. 1966 साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, आणि त्याच साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. कामाची रीत साधी आहे. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ न्यावयाचे, घरी लाटून वाळवावयाचे, दुसऱ्या दिवशी पापड परत द्यावयाचे आणि लाटणावळ घ्यावयाची. पापड तपासूनच घेतले जातात. परंतु खरी मख्खी पुढे आहे: लाटणारी प्रत्येक भगिनी ही संस्थेची सभासद असते, मजूर नसते, नफा असो की तोटा, तो सर्वजणींचा असतो. आज सुमारे 45,000 भगिनी या कामात आहेत. 2021 साली जसवंतीबेन यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याला या संस्थेची एक आठवण विशेष जवळची वाटावी. महाराष्ट्राबाहेर लिज्जतची पहिली शाखा 1968 साली निघाली ती गुजरातेत वालोड येथे. नवापूरची हद्द ओलांडली की जो तापी जिल्हा लागतो, त्यातच व्याऱ्यापलीकडे हे गाव आहे. तेही आपल्यासारखेच आदिवासी मुलुखातले. म्हणजे "हे मुंबईच्या बायकांचे काम, आपल्याकडे कसे व्हायचे," असे म्हणण्यास जागा उरत नाही.

अन्नपूर्णा

लिज्जतच्या भगिनींना उसने देणारा सज्जन भेटला. खानावळवाल्यांना तसा कोण भेटणार? त्यांना भेटल्या प्रेमाताई पुरव. गोवा मुक्तीच्या लढ्यात तरुणपणी उतरलेल्या या बाई पुढे मुंबईत कामगारांत काम करू लागल्या. 1973-74 च्या गिरणी संपात त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. संपात कामगारांना पगार नव्हता, तरी त्यांची जेवणे चालू होती. कारण खानावळवाल्या उधारीवर जेवू घालीत होत्या, आणि त्यासाठी स्वतः कर्ज काढीत होत्या. संप पुरुषांचा म्हणून गाजला, त्याची चूल मात्र या बायकांनी पेटती ठेवली होती.

1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी चौदा खानावळवाल्यांना घेऊन प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. 1969 साली मोठ्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, आणि 1972 पासून गरिबांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजनाही होती. पण बँकेची पायरी चढणार कोण? सही करावयास न येणारी, तारण नसलेली बाई बँकेत गेली तर तिला विचारतो कोण? अन्नपूर्णेने एकीची हमी दुसरीला, दुसरीची तिसरीला, अशी साखळी बांधली, आणि बँकेची कर्जे या बायकांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिली. कर्जापेक्षाही मोठी गोष्ट ही, की कागदावर पहिल्यांदा तिचे नाव आले आणि त्यापुढे तिचा धंदा लिहिला गेला.

जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाने गिरणगाव मोडले. जेवणारेच उरले नाहीत. खानावळीवर जगणाऱ्या अनेकींचे दिवस कठीण झाले. अन्नपूर्णेने मग कार्यालयांना जेवण पुरविणे, समारंभांचे स्वयंपाक, तयार पदार्थ, अशा वाटा शोधल्या. 2002 साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. यातून बोध असा, की एकटी बाई एका गिऱ्हाइकावर अवलंबून राहिली तर गिऱ्हाईक बुडाले की तीही बुडते. मंडळ असेल तर नवी वाट काढता येते.

आपला जिल्हा

आता घराकडे वळू. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. खाण्याच्या पदार्थांत आपण काही कमी नाही. नंदुरबारची मिरची साऱ्या देशात जाते. हिवाळ्यात शहराबाहेरच्या पथारींवर लाल गालिचा अंथरल्यासारखी मिरची वाळत असते, आणि तिच्या कडेला नाकाला पदर लावून देठ खुडणाऱ्या बायका बसलेल्या असतात. सातपुड्यात, अक्कलकुवा आणि धडगावच्या पाड्यांवर, चैत्र-वैशाखात कैऱ्या सोलून, चिरून आमचूर वाळवितात. तेही बहुतांशी बायकाच. मोहाची फुले, भगर, नवापूरची तूरडाळ, खानदेशची दादर ज्वारी ही आणखी किती सांगावी!

परंतु पाहा, देठ खुडणारी वजनावर मजुरी घेऊन घरी जाते, मिरची व्यापाऱ्याची. आमचूर वाळविणारी ते गोणीने विकून येते, भाव व्यापाऱ्याचा. तीच मिरची कोणा दूरच्या कारखान्यात दळली जाऊन, तोच आमचूर डबीत भरला जाऊन, रंगीत वेष्टनात आपल्याच दुकानात परत येतो, आणि आपणच तो जास्त दामाने घेतो. कष्ट आपल्या जिल्ह्यातील बाईचे, नाव दुसऱ्याचे. गिरणगावातील खानावळवालीची कथा याहून फार वेगळी नव्हती.

गेल्या काही वर्षांत बाईची चूल सार्वजनिक कामातही आली आहे. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतील मुलांना शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पोषण आहार शिजविणाऱ्या ठिकठिकाणच्या भगिनी त्यामुळेच आपल्याला दिसतात. 2015 साली आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू झाली. आपल्या जिल्ह्यात या योजनेचे मोल विशेष, हे येथील बालकांचे कुपोषण ज्यांनी पाहिले त्यांना सांगण्याची गरज नाही. ही पुण्याची कामे आहेत. पण येथेही शब्द पाहण्याजोगा आहे. पोषण आहार शिजविणारीला मिळते त्याला 'वेतन' म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. मान आणि धन हे दोन्ही शब्द त्यात आहेत, पण हाती पडते ते दोन्ही बेताचेच.

चोपडी कशासाठी?

दुसऱ्या बाजूला बचत गटांनी मोठी वाट मोकळी केली. 24 फेब्रुवारी 1975 रोजी महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. 1992 साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचे काम हाती घेतले. 2011 पासून महाराष्ट्रात 'उमेद'चे अभियान चालू झाले. अन्नपूर्णेच्या चौदा जणींनी जे झगडून मिळविले, ते कर्ज आज गटाला ठरावाच्या जोरावर मिळू शकते. 2020 साली छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आली. तीत प्रत्येक जिल्ह्यासाठी एक मुख्य पदार्थ नेमला गेला, आणि आपल्या वाट्याला मिरचीच आली. मिरची ज्या हातांनी निवडली जाते त्याच हातांनी ती कुटावी, चाळावी आणि स्वतःच्या नावाने विकावी, यास आता सबब उरलेली नाही.

कायद्याचेही भय बाळगू नये. 1954 साली भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या जागी 2006 चा अन्नसुरक्षा कायदा 2011 पासून अमलात आला. घरच्या स्वयंपाकघरातून विकणारीनेही नोंदणी करावी, वेष्टनावर पदार्थाचे नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख आणि किती दिवस टिकेल ते लिहावे, अशी अपेक्षा असते. याला कटकट समजू नये. ज्या पुड्यावर नोंदणीचा आकडा असतो, त्या पुड्यावर बाईचे नाव व पत्ताही येतो. चाळीतल्या बाईला जे कधी मिळाले नाही ते हेच.

परंतु माझ्या मते सर्वांत मोठी उणीव अजून हिशेबाची आहे. एक साधे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, पापडाच्या एका घाण्याला उडदाची डाळ, मसाला व खार मिळून 100 रुपये लागले, दळणावळ आणि पिशव्या 20 रुपये, आणि पापड 160 रुपयांना गेले. आपण म्हणतो, "चाळीस रुपये सुटले." पण दोघी जणी तीन-तीन तास लाटत बसल्या, म्हणजे सहा तासांचे काम झाले. ताशी सात रुपयेही पडले नाहीत. मोडलेले पापड, घरच्यांनी तळून खाल्लेले पापड आणि ओळखीत दिलेले पापड वजा केले तर हाती काय राहिले? जी बाई आपल्या वेळेची किंमत शून्य धरते, तिचा पापड बाजारात नेहमी स्वस्त असतो, आणि ती नेहमी दमलेली असते. तिच्या स्वस्त पापडाने शेजारणीचाही भाव पडतो. छगनबाप्पांनी चार पुडे होत असतानाच चोपडीचा आग्रह का धरला, ते यावरून समजते.

म्हणून इतिहासातून तीन गोष्टी मला वेचून घ्याव्याशा वाटतात. माप असावे, म्हणजे चव टिकते. हिशेब असावा, आणि त्यात आपल्या वेळेचा खर्च पहिल्या ओळीत लिहावा, म्हणजे भाव टिकतो. आणि नाव असावे, पुड्यावर, बँकेच्या पुस्तकात आणि सरकारी कागदात, म्हणजे बाई टिकते. पहिली गोष्ट आपल्याला आईकडून मिळाली आहे. उरलेल्या दोन्ही मिळविणे आपल्याच हाती आहे. आपले मंडळ वाळवणासाठी एकमेकींच्या अंगणात जमणाऱ्या बायकांचेच तर वाढलेले रूप आहे. लाटताना जशा आपण रांगेत बसतो, तशाच महिन्यातून एक दिवस चोपडी उघडून बसलो तर काय बिघडेल? ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या शेजारी लिहिता येणारीने बसावे. हिशेबाचे गुपित करू नये. कोणाला किती सुटले हे कळले तरच भाव ठरविता येतो.

1961 सालच्या जनगणनेत 'घरगुती उद्योग' असा स्वतंत्र वर्ग धरला गेला होता. म्हणजे विक्रीसाठी घरात बसून पदार्थ करणारी बाई ही काम करणारी बाई आहे, हे सरकारदरबारी साठ वर्षांपूर्वीच मान्य झाले होते. मान्य झाले नाही ते आपल्याच मनात. 2021 ची जनगणना झाली नाही. पुढची 2027 साठी जाहीर झाली आहे. गुरुजी, बाई, जे कोणी दारात येतील, ते पुन्हा तोच प्रश्न विचारतील.

त्या अकरा डब्यांच्या बाई आता हयात नाहीत. त्यांच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची आणि शेवभाजीची आठवण काढणारी, तेव्हा शिकत असलेली मुले आज नोकरीधंद्याला लागली आहेत. भेटली की अजून बाईंची चौकशी करतात. एवढ्या मुलांना ज्यांनी दोन्ही वेळ पोटभर जेवू घातले, त्यांच्या नावापुढे सरकारच्या वहीत "काम नाही" असे लिहिलेले आहे. ते आता बदलता येणार नाही. आपल्या नावापुढे काय लिहिले जावे, हे मात्र बदलता येईल.

तेव्हा भगिनींनो, त्या दिवशी हातातले लाटणे बाजूला ठेवा, पदराला हात पुसा आणि स्वच्छ सांगा: "मी पापड करते व विकते. हा माझा धंदा आहे. लिहून घ्या."